एक सूत

बत्तीस हजार सातशे एकोणीस.
आप्पांनी आकडा ऐकला, विचारलं, "कितीपैकी?"
दोन लाखांवर बसले होते म्हटल्यावर
त्यांचा चेहरा उजळला.
मी पुढं काही सांगितलं नाही.

मला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं.
सीपीआरच्या त्या वॉर्डात दोन महिन्यांत
मी शिकले होते रडणाऱ्या हातावर शीर शोधायला,
चिकटपट्टी अशी लावायला
की काढताना कातडं ओढू नये.
गगनबावड्याच्या एका बाईनं डिस्चार्जच्या दिवशी
कागदात बांधून फणसाचे गरे दिले.
अजून बॅगेला वास येतो.

पेपरात यातलं काहीच नव्हतं.
होतं एका औषधाचं, जे मी कधी हातात धरलं नाही.
आधी 'क' केला,
शेवटच्या मिनिटाला 'ब'.
बरोबर 'क' होता.
चार गेले, वर एक कापला.
पाच मार्कांच्या त्या फटीत
हजार-दीड हजार डॉक्टर उभे असतात,
गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दुधाला थांबतात तसे,
खांद्याला खांदा लावून.
म्हैस एक, ग्लास शंभर.

अर्शिया मुजावर: अठराशे चार.
तिला मनाचे आजार शिकायचे होते.
ओपीडी संपली तरी ती बाकावर बसून
एकेकाचं ऐकत राहायची, शेवटची एसटी चुकेपर्यंत.
ती रेडिओलॉजी घेतेय.
"एवढा रँक तिथं घालवू?"
रंकाळ्यावर भेळेचा कागद चुरगाळत तिनं मलाच विचारलं,
जणू रँक म्हणजे लग्नातलं सोनं,
घातलं नाही तर लोक काय म्हणतील.
मला तिच्या नंबराची कीव आली,
आणि लगेच हेवा.

यादी भरायची शेवटची रात्र.
लॅपटॉप ताटाशेजारी.
आत्याचा फोन: कातडीची घे, रात्री कुणी उठवत नाही.
पुन्हा आत्याचा फोन: स्थळाच्या दृष्टीनं डोळ्याची बरी.

पहिल्या त्रेचाळीस ओळी मी मुलांच्याच भरल्या.
पहिली आमचं सीपीआर, मग सोलापूर, नागपूर,
खाली खाली जात आगरतळा.
मिळणार नाही हे माहीत असून.
चव्वेचाळिसाव्या ओळीवर बोट थांबलं.
पॅथॉलॉजी, मिरज.

"हे काय असतं?" आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.
म्हटलं, काचेवर माणसाचा एक पापुद्रा असतो.
तो बघून सांगायचं, कॅन्सर आहे का नाही.
"आणि पेशंट?"
पेशंट येत नाही. त्याचा तुकडा येतो.

आप्पा एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर.
बोटांच्या रेषांत तेल मुरलेलं,
साबणाला दाद न देणारं.
"आमच्यात बी असतो एक. जॉब तपासणारा.
एक सूत इकडं तिकडं झालं की बाजूला काढतो."
जरा थांबून म्हणाले,
"लई शिव्या खातो बिचारा."
मला वाटलं, आता काहीतरी धीराचं बोलतील.
ते उठून भाताचं पातेलं घेऊन आले.

अजून एक वर्ष द्यायचं का,
हे तिनं विचारावं असं त्यांना वाटत होतं,
त्यांनी विचारावं असं मला.
भात गार झाला.

अकरा पन्नासला मी लॉकचं बटण दाबलं.
ओटीपी आप्पांच्या फोनवर.
फॉर्मवर नंबर त्यांचाच होता.
त्यांनी फोन दिव्याखाली धरला,
मायक्रोमीटर धरतात तसा, एक डोळा मिटून,
आणि सावकाश वाचू लागले.
चार.
शून्य.
नऊ.
मग थांबले. माझ्याकडं बघितलं.
"मटेरियल एकदा काढलं की परत लावता येत न्हाई, पोरी."

स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते.
वाचा, म्हटलं.
पुढचा.